तिसऱ्या मजल्यावरचा दिवाणखाना

मला सख्खी बहीण नाही, चुलत नाही, मावसही नाही. तरी परळ-लालबागच्या पट्ट्यात मी डझनभर मुलींचा मामा आहे. त्यांच्या लग्नांत मी मुंडावळ्या सावरल्या आहेत, नवरीला हाताला धरून बोहल्यापर्यंत आणलं आहे, मामा म्हणून मानाची टोपीही घेतली आहे. त्यांच्यातल्या दोघी-तिघी आज रस्त्यात भेटल्या तर आधी नाव आठवावं लागतं, मग हाक मारता येते. या सगळ्या भाच्या मला शालूताई पेडणेकरांनी मिळवून दिल्या.

शालूताई भोईवाड्यात आमच्याच चाळीत राहायच्या, माझ्यापासून दोन दारं सोडून. बुटक्या, रुंद, आणि चालताना समोरचा माणूस बाजूला होणारच याची खात्री असलेल्या. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्या होत्या. साहेब बदलत, पण कचेरी शालूताईंच्या भुवईवर चालते, असं तिथले लोक सांगत. यजमान गिरणीत होते. ते गेले तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी अनघा शाळेत होती. मुलीला शिकवणं, चाळीतल्या भांडणांचा निकाल लावणं आणि कोणाच्या घरात काय शिजतंय ते वासावरून सांगणं, हे सगळं त्या नोकरी सांभाळून करत. पण नाव झालं ते लग्नं जमवण्यात. त्याला कारण एक संडास झाला.

अनघा नुकतीच नोकरीला लागली होती तेव्हाची गोष्ट. विलेपार्ल्याहून एक स्थळ आलं. मुलाची आई जिना चढतानाच नाकाला रुमाल लावून आली. पोहे झाले, चहा झाला, मुलीला उंची विचारून झाली. मग त्या बाईंनी हात कुठे धुवायचे आणि बाकीचं कुठे, असं विचारलं. शालूताईंनी गॅलरीच्या टोकाकडे बोट दाखवलं. तिथे त्या वेळी सावंतांचा म्हातारा टमरेल घेऊन रांगेत उभा होता, आणि त्याने पाहुण्यांना अदबीने नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका तर कोणी मागितलीच नव्हती.

अनघाने त्या दिवशी आईला स्पष्ट सांगितलं की यापुढे मी कोणासमोर पोहे घेऊन बसणार नाही. शालूताईंनी दुसरीच शपथ घेतली. या चाळीतली एकही मुलगी यापुढे या चाळीत दाखवायची नाही. आणि एक ना एक दिवस आपली अनघा असल्या घरात दाखवायची की पाहुण्यांची तोंडं उघडी राहिली पाहिजेत. असलं घर आणायचं कुठून, एवढाच प्रश्न राहिला होता.

तो मॉलवाल्यांनी सोडवला. आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर गिरणीच्या जागेवर भलामोठा मॉल उभा राहिला. पहिल्या आठवड्यात सगळी चाळ गार हवा खायला जाऊन आली. बायकांनी सरकत्या जिन्यावर किंकाळ्या मारल्या, पुरुषांनी शर्टाच्या किमती वाचून अस्मानाकडे पाहिलं. शालूताई एकट्याच काही न बोलता तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या दुकानात फिरत राहिल्या. त्या दुकानात कपड्यांपासून कुकरपर्यंत सगळं होतं, आणि मागच्या अंगाला फर्निचर. नुसत्या मांडून ठेवलेल्या खुर्च्या नव्हेत, तर अख्ख्या खोल्या सजवलेल्या. एका खोलीत सोफासेट, गालिचा, काचेचं टीपॉय, टीपॉयवर फळांची परडी, भिंतीवर टीव्ही, कपाटात पुस्तकं, कोपऱ्यात दिवा. टीव्ही पुठ्ठ्याचा होता, पुस्तकं आतून पोकळ होती, फळं मेणाची होती. छत नव्हतं आणि एक भिंतही नव्हती. पण आमच्या चाळीत ज्यांच्याकडे चारही भिंती होत्या त्यांच्याकडे तरी दिवाणखाना कुठे होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं.

"तुमी बँकेत आहात, चष्मा आहे, बोलता कमी. रविवारी सुलभाचा मामा व्हायचंय."

"पण सुलभाला मामा आहे ना?"

"आहे. पण तो बोलतो."

तर असा मी मामा झालो. सुलभा म्हणजे खालच्या मजल्यावरच्या परबांची मुलगी. तिला बघायला भांडुपची मंडळी येणार होती. शालूताईंनी त्यांना फोनवर कळवलं की घरी जरा काम काढलंय, आपण बाहेरच भेटू, तिथे निवांत बोलता येईल. मॉलच्या दारात गार्डने शालूताईंच्या पिशवीतला पोह्यांचा डबा अडवला. बाहेरचं खाणं आत न्यायला मनाई होती. "प्रसाद आहे," शालूताई म्हणाल्या, आणि डबा उघडून त्याच्या हातावर चमचाभर ठेवला. कांदा-बटाटा घातलेला प्रसाद कोणत्या देवाचा, हे विचारायची त्याची छाती झाली नाही. पुढे तो दर रविवारी हात पुढे करूनच उभा असायचा.

शालूताईंची भाषा हा एक वेगळाच चमत्कार होता. घरी त्या मालवणी बोलत. सरकत्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर "गो सुलभा, साडी वर धर, अडकतली" असं चालू असायचं. दुसऱ्या मजल्यावर "सांभाळून गं" यायचं. आणि तिसऱ्या मजल्यावर पाऊल टाकताच थेट सदाशिव पेठ. "या, बसा ना. प्रवासाचा शीण झाला असेल." जणू काही सोफा त्यांच्या आजोबांनी विलायतेहून आणलेला.

त्या पहिल्या कार्यक्रमात भांडुपच्या मंडळींचे आजोबा गालिच्यापाशी येऊन थबकले आणि त्यांनी चपला काढल्या. दुसऱ्याच्या घरात चपला घालून कसं जायचं? आजोबांनी काढल्या म्हणून मुलाच्या वडिलांनी काढल्या, मग आम्ही सगळ्यांनी. दुकानाच्या चकचकीत फरशीवर चपलांची ओळ लागली. ती ओळ पाहून पडदे बघायला आलेल्या दोन गुजराती बायकांनीही आपल्या चपला काढल्या आणि पुढचं अख्खं दुकान अनवाणी फिरल्या. थोड्या वेळाने अर्ध्या चड्डीतला एक गृहस्थ आजोबांची झिजलेली कोल्हापुरी उचलून विक्रेत्याला तिची किंमत विचारू लागला. जुनी दिसणारी वस्तू मुद्दाम जुनी केलेली असते आणि म्हणून महाग असते, असा त्या मजल्यावरचा शिरस्ताच होता.

सुलभाचं लग्न जमलं. मग रविवारामागून रविवार ओळच लागली.

दुकानाच्या त्या भागाचा मॅनेजर होता मेल्विन. गिरगावातल्या जुन्या ख्रिस्ती वाडीतला, पोरसवदा चेहऱ्याचा, टायमुळे कायम गुदमरल्यासारखा दिसणारा. दोन-तीन रविवार त्याने पाहून न पाहिल्यासारखं केलं. चौथ्या रविवारी तो आला.

"आंटी, सोफा घ्यायचा हाय की नाय?"

"बघतोय," शालूताई म्हणाल्या.

"तुमी मागच्या संडेला पण बघत होता."

"अरे बाळा, मुलगी एका बैठकीत पसंत पडत नाही, सोफा कसा पडेल?"

मेल्विन टाय सैल करत निघून गेला. मग लग्न जमलेल्या दोन घरांनी खरोखरच त्याच्याकडून पलंग आणि कपाट नेलं, तेव्हा त्याचं मन विरघळलं. पुढे पुढे तर तो रविवारी दुपारी त्या सोफ्यावर स्वतःच 'विकला गेला आहे' अशी पाटी लावून ठेवी, म्हणजे दुसरं कोणी बसायला नको. एकदा वरचे साहेब येणार होते म्हणून त्याने गयावया केली. "आंटी, प्लीज, आज बाजूचा सेट घ्या ना. तो पण सेम हाय."

"सेम नाहीये. त्याचा रंग सावळ्या मुलीला मारतो."

मेल्विनने साहेबांना बाजूच्या सेटवर बसवलं.

मुलींना पारखायला लोक येत, पण त्यांना ठाऊक नसे की पारख त्यांचीच चालू आहे. शालूताईंची परीक्षा सरकत्या जिन्यापासून सुरू होई. जो मुलगा आईला खाली टाकून स्वतः तरातरा वर गेला, तो नापास. जो आईचा हात धरून वर आला आणि आल्यावरही सोडेना, तोही नापास. "मग पास कोण?" मी विचारलं. "जो आईला लिफ्टने पाठवतो," त्या म्हणाल्या. मग गप्पांच्या ओघात मुलाला कुकरच्या कप्प्यापाशी नेत आणि यातला कोणता चांगला, असं सहज विचारत. ज्याने आईकडे पाहिलं त्याच्या नावावर तिथेच काट. ज्याने कुकरकडे पाहिलं त्याला चहा. एकाने ज्या मुलीला बघायला आला होता तिच्याकडे, म्हणजे सुलभाच्या धाकट्या बहिणीकडे, पाहिलं आणि "तुम्हाला किती शिट्ट्या लागतात?" असं विचारलं. त्याला शालूताईंनी दुसऱ्यांदा पोहे वाढले.

एका कार्यक्रमाला मुलाचे काका आले होते, डोंबिवलीचे. गरीब गाय माणूस. बोलता बोलता त्यांनी परडीतलं सफरचंद उचललं आणि चावा घेतला. ते मेणाचं आहे हे त्यांना आणि आम्हाला एकाच क्षणी कळलं. काकांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तो तुकडा चावून चावून गिळला. वर "छान आहे" असंही म्हणाले. मुलीकडच्यांना नाव ठेवायचं नाही, ही त्या घराची रीत होती. मंडळी गेल्यावर शालूताईंनी मुलीच्या आईचा हात घट्ट धरला. "डोळे मिटून द्या. असं घर शोधून सापडणार नाही." ती मुलगी आज सुखात आहे. उरलेलं सफरचंद मेल्विनने चावलेली बाजू भिंतीकडे करून ठेवलं होतं, ते बरीच वर्षं तसंच होतं.

शालूताई हे सगळं गंमत म्हणून करत होत्या, असं मात्र कोणी समजू नये. एकदा मंडळी परत निघाल्यावर त्या सोफ्याला लटकवलेला कागद वाचत होत्या. "बघा मामा," त्या म्हणाल्या, "सोफा आवडला नाही तर पंधरा दिवसांत परत घेतात. पण घेताना कोणी त्याला उभं राहून चालून दाखव म्हणत नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता.

इकडे चाळीतल्या मुली एकेक करून सासरी गेल्या आणि अनघा तशीच राहिली. ती लोअर परळच्या एका ऑफिसात चांगल्या जागेवर होती. आईला ती जीव लावायची, पण सोफ्याचा विषय निघाला की उठून गॅलरीत जायची. "ज्याला मला बघायचंय त्याने जिना चढून यावं," एवढंच तिचं म्हणणं. शालूताई तोंडाने "तिची मर्जी" म्हणायच्या. पण दुसऱ्यांच्या मुलींना त्या सोफ्यावर बसवताना, पदर नीट करताना, त्यांची नजर मध्येच हरवायची. मी दोन दारं सोडून राहत होतो, मला कळायचं. या बाईने सगळ्या चाळीचं ओझं उतरवलं होतं आणि स्वतःचं तेवढं डोक्यावर राहिलं होतं. मला फार वाईट वाटायचं.

मग एका संध्याकाळी अनघाने घरी सांगितलं की मी माझं ठरवलंय. मुलगा तिच्याच ऑफिसातला, निखिल साटम, वरळीला राहणारा. शालूताई रडल्या, हसल्या, देवापुढे साखर ठेवली, आणि साखर खाऊन होते न होते तोच म्हणाल्या, "त्याच्या आईला रविवारी मॉलमध्ये बोलाव."

"आई, आपल्या घरी बोलाव ना."

"नाही. आणि आपलं घर कसलं आहे ते त्या मुलाने त्याच्या आईला सांगितलं तर माझी शपथ आहे, सांग त्याला."

अनघा माझ्याकडे आली. ती चिडलेली होती आणि हसूही दाबत होती. "मामा, मी काय बोलू? मला बोलता येत नाही." तेव्हा मला वाटलं, आईपुढे बोलता येत नाही असं म्हणतेय.

निखिलची आई मालतीबाई साटम रविवारी आल्या. अंजिरी रेशमी साडी, हातात पर्स, आणि चालीत असा रुबाब की गार्डने त्यांच्या पर्सला हातही लावला नाही. त्यांनीही फोनवर आधीच सांगितलं होतं की घरी टाइल्स बदलतायत, बाहेरच भेटू. सोफ्यावर त्या अशा बसल्या की शालूताईंनाच पाहुण्यासारखं वाटायला लागलं. अनघा बसलीच नाही, गालिच्याच्या कडेला उभी राहिली. निखिलही तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. बसलेल्या फक्त दोघी, आणि त्यांचं बोलणं चाललं होतं ते दोन देशांच्या वकिलांसारखं.

"आमच्याकडे इटालियन टाइल्सचं चाललंय," मालतीबाई म्हणाल्या. "धूळ फार होते हो."

"रंगाचंही तसंच," शालूताई म्हणाल्या. "प्रत्येक खोलीला वेगळा रंग म्हटलं की वेळ हा लागतोच."

त्या रात्री जेवणानंतर शालूताई माझ्या दारात येऊन बसल्या. चेहरा उतरलेला होता. "मामा, ही मोठ्या घरातली माणसं आहेत. आज ना उद्या ती बाई जिना चढून वर येणार, आणि नाकाला रुमाल लावणार. त्या वेळी पोरगी लहान होती, सावरली. आता तिने जीव लावलाय. आता नाही सावरायची." मग त्या जरा पुढे सरकल्या. "पुढच्या रविवारी त्यांनी जेवायला बोलावलंय. तुमी तिथे सांगा, मुलीकडचे नाही म्हणतात. कारण माझ्यावर ढकला. म्हणा, आईला मुलीला एवढ्या लांब द्यायचं नाही."

"भोईवाड्याहून वरळी लांब?"

"तुमी बोलता कमी म्हणून तर तुमाला मामा केला."

मालतीबाईंनी जेवायला बोलावलं होतं ते मॉलच्याच सगळ्यात वरच्या मजल्यावर. तिथे एक नवीन हॉटेल निघालं होतं, आणि ते चाळीसारखं सजवलेलं होतं. मी पहिल्यांदाच गेलो आणि दारातच थिजलो. लाकडी कठडा, कठड्यावर वाळत घातलेल्या साड्या, पत्र्याच्या ट्रंका, दारांवर जुन्या आडनावांच्या पाट्या, कोपऱ्यात मोरी, मोरीत कळश्या आणि पितळी घंगाळ. ज्या गिरणीतल्या माणसांनी असल्या खोल्यांत जन्म काढला, तिच्या जागेवर ती खोली आता तासभर रांगेत उभं राहिल्यावर मिळत होती. चांगल्या घरची पोरं-पोरी मोरीपाशी उभी राहून आपले फोटो काढत होती. तिसऱ्या मजल्यावर चाळकरी खोट्या दिवाणखान्यात बसतात आणि वरच्या मजल्यावर दिवाणखानेवाले खोट्या चाळीत, असा या मॉलने समाजाचा छान समतोल साधला होता.

"इश्श," शालूताई चौफेर पाहत म्हणाल्या. "असे राहायचे का लोक?"

"बाई बाई," मालतीबाई म्हणाल्या. "एवढ्याशा जागेत. कल्पनाच करवत नाही."

निखिलने मेनूकार्डात तोंड खुपसलं. अनघाने ओठ चावले. मी नकाराचं वाक्य मनातल्या मनात घोकत होतो.

वेटरने पन्हं आणलं. पन्हं टमरेलातून होतं. कडेला पुदिन्याची काडी लावलेली, पण टमरेल ते टमरेलच. शेजारच्या टेबलावरची मुलगी ते ओठाला लावून घटाघटा पीत होती. शालूताईंनी आपल्यापुढचं टमरेल एका बोटाने हळूच लांब सरकवलं. समोर पाहिलं तर मालतीबाईंचंही बोट तेच काम करत होतं. दोघींनी एकदमच सांगितलं की त्यांना आंबट चालत नाही.

मी घसा साफ केला. "त्याचं असं आहे," मी सुरुवात केली, "की मुलीच्या आईचं म्हणणं..."

आणि त्याच क्षणी मोरीमागून गंजीफ्रॉक घातलेला एक वेटर बादली बडवत आला. दर तासाला तो असा येई आणि मग थोडा वेळ सरबतं निम्म्या किमतीत मिळत. हे आम्हाला नंतर समजलं. त्या वेळी फक्त त्याची आरोळी ऐकू आली.

"पाणी आलं, पाणी आलं."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो. शालूताई ताडकन उठल्या, पदर कमरेला खोचला आणि मोरीच्या दिशेने निघाल्याही. पण त्यांच्या आधी मालतीबाई तिथे पोचल्या होत्या. अंजिरी रेशमी साडी गुडघ्यापर्यंत वर धरलेली, आणि सजावटीची पितळी कळशी कमरेवर घेतलेली. अशी घेतलेली की ती कमरेचाच एक भाग वाटावी. दोघी तिथे समोरासमोर उभ्या राहिल्या. वेटरची बादली अर्ध्यावर थांबली. फोटो काढणाऱ्या पोरांना वाटलं की हाही हॉटेलचाच कार्यक्रम आहे, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पाय आखडला होता," शालूताई सदाशिव पेठेतून म्हणाल्या.

"माझापण," मालतीबाई म्हणाल्या. कळशी कमरेवर तशीच.

शालूताईंनी त्या कळशीकडे पाहिलं. मग त्या कमरेकडे. आणि मग जवळ जाऊन हळू आवाजात, अगदी दोन दारं सोडून राहणाऱ्या बाईला विचारावं तसं विचारलं, "तुमच्याकडे पाणी कधी येता?"

मालतीबाईंनी क्षणभर दम घेतला. "पहाटेक," त्या म्हणाल्या. "अर्धो तास."

"आमच्याकडे पाऊण तास येता. पण वरच्या मजल्यार चढना नाय."

"मग खालसून भरून हाडतात?"

"नायतर काय करतलंय?"

मग शालूताईंनी विचारलं, "टाइल्स?"

"रंग?" मालतीबाईंनी विचारलं.

मालतीबाईंनी कळशी जागेवर ठेवली, पुन्हा टेबलापाशी येऊन बसल्या आणि पदराने डोळे टिपले. अनघा आणि निखिल टेबलावर डोकं ठेवून हसत होते, आणि अनघाचं हसणं मध्येच रडणं झालं. दोन्ही आयांनी आपापल्या पोरांना एकच शपथ घातली होती. गेले कित्येक महिने ती पोरं, आया घरी नसताना, एकमेकांच्या खोल्यांत चहा पिऊन येत होती आणि शपथ घातल्यापासून तिला जागून गप्प बसली होती.

"मामा, तुमी काय सांगत होतात?" शालूताईंनी मला विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "हॉटेल जरा महाग आहे."

त्याच आठवड्यात आम्ही वरळीला त्यांच्याकडे तारीख ठरवायला गेलो. एकच खोली, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. खिडकीशी लोखंडी पलंग, भिंतीला उभ्या केलेल्या वळकट्या, मोरीवर फळी, फळीवर डबे. शालूताई सोफ्याबद्दल, रंगाबद्दल, प्रवासाच्या शिणाबद्दल एक अक्षरही बोलल्या नाहीत. आल्या त्या सरळ जमिनीवर बसल्या. मुलीच्या आईने व्याह्यांच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नये, असं मानणारी ही बाई. मालतीबाईंनी पुढे ठेवलेले घावणे तिने दोनदा मागून घेतले आणि चहा बशीत ओतून प्यायली.

मग निखिलच्या वडिलांनी पंचांग काढलं, मी चष्मा पुसला आणि आमचं मुहूर्ताचं बोलणं सुरू झालं. एका तारखेबद्दल मत विचारायला मी मागे वळलो, तर शालूताई वळकटीला टेकून झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, पदर ढळलेला, आणि बारीकसं घोरणं. इतक्या वर्षांत मी त्यांना दमलेलं पाहिलं नव्हतं, झोपलेलं तर नाहीच. अनघा गोरीमोरी झाली आणि आईला हलवायला उठली. वरमाईच्या घरात मुलीची आई अशी झोपते का कुठे?

मालतीबाईंनी तिचा हात धरला. "निजांदे गो तिका," त्या म्हणाल्या. त्यांनी पलंगावरची उशी काढून शालूताईंच्या मानेखाली सरकवली, टीव्हीचा आवाज बंद केला आणि गॅलरीत दंगा करणाऱ्या पोरांना दटावायला स्वतः बाहेर गेल्या.

लग्नाची तारीख आम्ही कुजबुजत ठरवली.